गाठीत अडकलेला खिळा

गिव्हात हा-मिव्तार ही जेरुसलेमच्या ईशान्येकडची टेकडी. जुन्या शहराच्या दमास्कस दरवाजाजवळून उत्तरेला निघालेली लाइट रेल ॲम्युनिशन हिल ओलांडते आणि पुढच्या एका थांब्यावर या टेकडीचे नाव दिसते. उतरल्यावर पाहण्यासारखे काही नाही. जेरुसलेमच्या नियमाप्रमाणे फिकट चुनखडीने मढवलेली घरे आणि चढ-उताराचे रस्ते. १९६७ च्या युद्धापर्यंत हा भाग जॉर्डनकडे होता. युद्धानंतर इस्रायलने इथे घरबांधणी काढली आणि पाया खणताना खडकात कोरलेली जुनी थडगी उघडी पडली. जून १९६८ मध्ये पुरातत्त्वज्ञ व्हासिलिओस त्सफेरिस यांनी त्यांपैकी चार थडग्यांचे उत्खनन केले. त्यांतल्या एका थडग्यात चुनखडीच्या पेटीत एका माणसाच्या उजव्या टाचेचे हाड निघाले. त्यात लोखंडी खिळा आरपार गेलेला होता.

रोमन साम्राज्यात क्रुसावर गेलेल्यांची संख्या पाहिली म्हणजे या हाडाचे मोल कळते. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ.स.पू. ७१ मध्ये कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने सहा हजार बंडखोर टांगले गेले. इ.स.पू. ४ मध्ये सीरियाचा रोमन सुभेदार वारस याने जेरुसलेमच्या परिसरात सुमारे दोन हजारांना हीच शिक्षा दिली. इ.स. ७० च्या वेढ्यात रोजचे पाचशे आणि कधी त्याहूनही अधिक लोक टांगले जात होते, क्रुसांना जागा उरली नव्हती, असे ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो. प्राचीन इतिहासकारांचे आकडे जपूनच घ्यावे लागतात. तरी हजारोंच्या या हिशेबात खिळ्यासकट हाती आलेला माणूस १९६८ पर्यंत एकही नव्हता.

शब्दांविषयी थोडे. मराठी बायबलमध्ये या शिक्षेच्या साधनाला 'वधस्तंभ' म्हटले आहे. 'क्रूस' हा बोलण्यातला शब्द पोर्तुगीज 'क्रुझ'वरून आला. आपल्याकडच्या बखरींतली सुळाची शिक्षा मात्र वेगळी. सूळ शरीरातून जातो. रोमन क्रुसावर माणसाला लाकडाला दोराने बांधत किंवा खिळ्यांनी ठोकत आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत मरायला सोडून देत. मरणानंतरही तो तसाच लटकत राहावा, कावळ्या-कुत्र्यांनी त्याचे लचके तोडावेत, हा या शिक्षेचाच एक भाग होता. म्हणूनच क्रुसावरच्या माणसाला थडगे मिळत असे का, या प्रश्नाला इतके महत्त्व. ख्रिस्ती श्रद्धेचा एक मोठा आधार म्हणजे रिकामी सापडलेली कबर, आणि कबर रिकामी सापडण्यासाठी आधी तिच्यात कोणाला तरी ठेवलेले असावे लागते.

गिव्हात हा-मिव्तारची थडगी त्या काळातल्या जेरुसलेमच्या सुस्थितीतल्या ज्यू कुटुंबांची आहेत. मऊ चुनखडीत चौकोनी खोली कोरायची आणि तिच्या भिंतींत माणूस आडवा मावेल असे खोल कोनाडे पाडायचे. या कोनाड्याला हिब्रूत 'कोख' म्हणतात. हिंदीतल्या कोखेशी त्याचे काही नाते नाही, तरी ऐकणारा क्षणभर थबकतोच. कफनात गुंडाळलेला देह या कोनाड्यात किंवा बाजूच्या ओट्यावर ठेवत आणि दाराशी धोंडा लावत. वर्षभराने, मांस झडून गेल्यावर, घरचे लोक परत येत, हाडे गोळा करत आणि दगडी पेटीत भरत. पेटीची लांबी मांडीच्या हाडाइतकी, रुंदी कवटी बसेल एवढी. ही पद्धत जेरुसलेममध्ये साधारण इ.स.पू. २० पासून इ.स. ७० पर्यंत जोरात होती. इस्रायलच्या सरकारी संग्रहातल्या अशा पेट्यांची एल. वाय. रहमानी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली सूचीच ८९७ पेट्यांची आहे.

त्सफेरिस यांच्या चार थडग्यांत पंधरा पेट्या आणि पस्तीस माणसांची हाडे निघाली. एका पेटीवर 'मंदिर बांधणारा सिमोन' अशा अर्थाचा मजकूर होता. राजा हेरोदाने काढलेल्या जेरुसलेमच्या मंदिराचे काम तेव्हा चालू होते, म्हणून हा सिमोन त्या कामावरचा माणूस असावा. त्याच थडग्यातल्या दुसऱ्या पेटीवर नाव होते येहोहानन. बापाच्या नावाची अक्षरे 'हागकोल' अशी वाचतात, पण तसे नाव दुसरीकडे कुठे भेटत नाही, म्हणून त्या शब्दावर तज्ज्ञांचा खल झाला. पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी तर तो शब्द नाव नसून माणूस पाय फाकवून टांगला गेला होता हे सांगणारे विशेषण असावे, असे सुचवले. येहोहानन वयाने विशी ओलांडलेला, तिशीच्या आतला होता. त्याच्याबरोबर एका लहान मुलाचीही हाडे होती.

हाडांचा पहिला अभ्यास हिब्रू विद्यापीठाचे निकू हास यांनी केला. धर्मसंकेताप्रमाणे हाडे पुन्हा पुरायची होती, त्यामुळे हातात वेळ थोडा होता. एकच लांब खिळा दोन्ही टाचांतून गेला, मनगटाजवळ खिळ्याची खूण आहे आणि नडगी मरणापूर्वी मोडली, असा त्यांचा निष्कर्ष. योहानाच्या शुभवर्तमानात येशूबरोबरच्या दोघांचे पाय मोडल्याचा उल्लेख असल्यामुळे ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. १९८५ मध्ये जोसेफ झायस आणि एलिएझर सेकेलेस यांनी त्याच साहित्याची फेरतपासणी केली आणि यातले बरेच काही खोडून काढले. खिळा ११.५ सेंटीमीटरचा, दोन टाचांना तो पुरलाच नसता. तो फक्त उजव्या टाचेतून बाजूने गेला होता, म्हणजे दोन पाय खांबाच्या दोन बाजूंना वेगवेगळे ठोकले असावेत. हातांत खिळ्याची खूण नाही. हात बहुधा बांधलेले. नडगीची मोड मरणानंतरची. तरीही पाठ्यपुस्तकांतली चित्रे कैक वर्षे हास यांच्याच वर्णनावरून निघत राहिली, हे या विषयातले एक गमतीदार दुखणे.

तो पुरावा पाहायचा असेल तर शहराच्या पश्चिम अंगाला, संसदेच्या परिसरातल्या इस्रायल म्युझियममध्ये जावे लागते. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांसाठी तिथे गर्दी होते. टाचेसमोर ती क्वचितच थांबते. वस्तूही तळहातावर मावेल एवढी आहे. खिळ्याचे डोके एका टोकाला, त्याच्या खाली ऑलिव्हच्या लाकडाच्या फळीचा चिमूटभर अवशेष, मग तपकिरी हाड आणि पलीकडच्या बाजूने बाहेर आलेले खिळ्याचे टोक, गळासारखे वळलेले. फळी वॉशरसारखी होती. टाच खिळ्याच्या डोक्यावरून निसटू नये म्हणून ती बसवली होती. टोक वळले ते बहुधा खांबाच्या लाकडातल्या गाठीवर आपटल्यामुळे. देह उतरवताना खिळा निघेना. शेवटी फळी, खिळा आणि टाच एकत्रच उतरली, एकत्रच कोनाड्यात गेली आणि वर्षभराने एकत्रच पेटीत भरली गेली. खिळा सरळ असता तर तो उपटून घेतला गेला असता आणि येहोहानन हा त्या थडग्यातला आणखी एक नाव कोरलेला मृत एवढाच उरला असता.

पुराव्याच्या दुष्काळाची उकल बऱ्याच अंशी इथे होते. कित्येकांना दोरानेच बांधत, आणि दोर हाडावर खूण ठेवत नाही. लोखंड महाग, त्यामुळे खिळे काढून पुन्हा वापरत. शिवाय क्रुसावरचा खिळा औषधी मानला जाई: ज्यू कायद्याची जुनी संहिता असलेल्या मिश्नामध्ये शब्बाथाच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी असा खिळा जवळ बाळगता येईल का याची चर्चा आहे, आणि रोमन लेखक प्लिनी तो गळ्यात बांधण्याच्या उपायाची नोंद करतो. शिक्षा झालेले बहुतेक गुलाम, बंडखोर, परके. त्यांच्यासाठी खडकात थडगे कोरणारे कुटुंब कुठून येणार? येहोहाननला ते होते.

ज्यू धर्मशास्त्राची अपेक्षा स्पष्ट होती. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात, अध्याय २१ मध्ये, झाडाला टांगलेल्या गुन्हेगाराचे प्रेत रात्रभर तसे ठेवू नये, त्याच दिवशी पुरावे, असा आदेश आहे. मूळ आदेश आधी मारून मग टांगलेल्याविषयी आहे, पण रोमन काळात तो क्रुसालाही लागू धरला गेला. जोसेफसचे याविषयीचे वाक्य नेहमी पुढे केले जाते. ज्यू लोक दफनाबाबत इतके दक्ष आहेत, की शिक्षा होऊन क्रुसावर गेलेल्यांनाही ते सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरतात, असे तो म्हणतो. हे वाक्य येते कुठे, हे मात्र लक्षात ठेवावे. यादवीच्या दिवसांत शहरात शिरलेल्या इदूमी टोळ्यांनी महायाजकांना मारून त्यांची प्रेते उघड्यावर फेकली, त्या संतापात तो ते लिहितो. रीत मोडली गेली तिथेच ती रीत काय होती हे आपल्याला कळते.

अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फिलो यानेही अशाच तक्रारीच्या ओघात माहिती दिली आहे. इ.स. ३८ मध्ये तिथल्या ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा रोमन सुभेदार फ्लाकस याने सम्राटाच्या जन्मदिनाच्या उत्सवकाळातही लोकांना क्रुसावर दिले. एरवी अशा सणांच्या आधी क्रुसावरची प्रेते उतरवून नातेवाइकांच्या हवाली झाल्याची उदाहरणे आपल्याला ठाऊक आहेत, असे फिलो लिहितो.

रोमन कायद्याचे शब्द त्याहून मोकळे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने संकलित झालेल्या 'डायजेस्ट'मध्ये, ४८ व्या खंडात, विधिज्ञ उल्पियन याचे मत आहे: देहदंड झालेल्यांची प्रेते नातेवाइकांना नाकारू नयेत, आणि ऑगस्टसनेही आत्मचरित्रात आपण तसेच वागल्याचे लिहिले आहे. पुढे तोच पुस्ती जोडतो, की परवानगी मागावी लागते आणि कधी कधी, विशेषतः राजद्रोहाच्या गुन्ह्यात, ती मिळत नाही. सगळी मेख त्या पुस्तीत आहे. प्रेत मिळणे हा हक्क नव्हता, सुभेदाराची मेहेरबानी होती. पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मधली एफेससच्या विधवेची गोष्ट घ्या: क्रुसावरची प्रेते नातेवाइकांनी चोरून नेऊ नयेत म्हणून तिथे शिपाई पहाऱ्यावर असतो, आणि त्याची नजर चुकताच आईबाप मुलाचा देह उतरवून नेतात. गोष्ट रचलेली आहे, पण तो पहारा ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा असल्याखेरीज ती रंगली नसती.

येशूच्या दफनाचा वाद या चौकटीत बसतो. इ.स. ५० च्या दशकात करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल येशू पुरला गेला एवढेच सांगतो. कोणी, कुठे, हे सांगत नाही. साधारण इ.स. ७० च्या सुमाराच्या मार्कच्या शुभवर्तमानात अरिमथाईकर योसेफ येतो. हा ज्यू न्यायसभेचा प्रतिष्ठित सभासद शब्बाथ लागण्यापूर्वी रोमन सुभेदार पिलाताकडे जाऊन देह मागतो आणि खडकात कोरलेल्या थडग्यात ठेवतो. अमेरिकी अभ्यासक जॉन डॉमिनिक क्रॉसन यांनी १९९० च्या दशकात या कथेलाच हात घातला. हजारोंच्या नशिबी आले तेच येशूच्याही आले असणार, देह कुत्र्यांच्या तोंडी गेला किंवा उथळ खड्ड्यात पडला, असे त्यांचे म्हणणे. बार्ट एर्मान यांनीही २०१४ मध्ये योसेफाच्या कथेवर शंका घेतली. उलट बाजूने क्रेग इव्हान्स आणि पुरातत्त्वज्ञ जोडी मॅग्नेस यांचा युक्तिवाद आहे. मॅग्नेस यांचा मुद्दा व्यावहारिक आहे. गरिबांना जमिनीत खोल चर खणून पुरत. शुक्रवारी दुपारी, शब्बाथाला काही तासच उरले असताना, खडकाळ जमिनीत असा चर खणायला वेळ नव्हता. योसेफाच्या तयार थडग्यात देह ठेवणे हाच जवळचा मार्ग. बायरन मॅकेन यांच्या मते दफन झाले, पण ते अप्रतिष्ठेचे होते, घरच्या थडग्यात नाही आणि शोकविधीविना. मिश्नामध्येही देहदंड झालेल्यांसाठी वेगळ्या दफनभूमी सांगितल्या आहेत आणि मांस झडल्यावर हाडे कुटुंबाच्या थडग्यात नेण्याची मुभा आहे.

इथे काळाचा फरक निर्णायक ठरतो. रोज पाचशे माणसे टांगणाऱ्या वेढ्यात कोणी कोणाचे प्रेत मागायला जात नव्हते. पिलाताचा कारभार (इ.स. २६ ते ३६) त्या मानाने शांततेचा. वल्हांडणाच्या यात्रेने फुगलेल्या शहराच्या वेशीवर सणाच्या दिवशी प्रेते लटकत ठेवून लोकांना डिवचण्यात सुभेदाराचा फायदा नव्हता. येहोहाननचे घरचे त्याचा देह मिळवू शकले, याचा अर्थ जेरुसलेममध्ये हे घडू शकत होते. तेच येशूच्या बाबतीत घडले असे मात्र त्या हाडावरून सिद्ध होत नाही, आणि पुष्कळ लोकप्रिय पुस्तके ही पायरी गाळतात.

येशूची कबर जिथे मानली जाते ते जुन्या शहरातले पवित्र कबरीचे चर्च या वादाची जमीन दाखवते. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ते बांधायला घेतले आणि इ.स. ३३५ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. १००९ मध्ये फातिमी खलिफा अल-हाकिमच्या हुकमाने ते पाडले गेले आणि आजच्या इमारतीचा बराचसा भाग क्रुसेडच्या धर्मयोद्ध्यांनी बाराव्या शतकात बांधलेला आहे. आज हे ठिकाण तटबंदीच्या आत आहे, म्हणून अनेकांना संशय येतो, कारण थडगी शहराबाहेरच असत. पण इथवरचा तट इ.स. ४१ ते ४४ मध्ये हेरोद अग्रिप्पाने वाढवला. त्याआधी ही जागा वेशीबाहेरची दगडाची जुनी खाण होती. चर्चमध्ये अलीकडे चाललेल्या रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाच्या उत्खननात या खाणीच्या थरांवर ऑलिव्ह आणि द्राक्षवेलींचे अंश मिळाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. योहान तिथे बाग होती असे म्हणतो, म्हणून त्या बातमीचा बराच गवगवा झाला.

दक्षिणेच्या अंगणातून आत शिरल्यावर उजवीकडे गुलगुथाकडे, म्हणजे येशूच्या क्रुसाची मानल्या जाणाऱ्या जागेकडे, जाणारा उभा जिना, डावीकडे घुमट आणि त्याखाली संगमरवरी कबरघर. ऑक्टोबर २०१६ मध्ये अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्रविद्यापीठाच्या पथकाने आतली फरशी सुमारे साठ तासांसाठी उघडली. तिच्याखालचा चुना साधारण इ.स. ३४५ च्या सुमाराचा निघाला. म्हणजे चौथ्या शतकापासून याच खडकाला कबर मानले गेले, इतके नक्की. तिथे नेमके कोण होते, हे चुना सांगत नाही.

कबरघराच्या रांगेत तासभर घालवणारे पुष्कळ जण त्यामागची खोली न पाहताच परततात. घुमटाच्या पश्चिम बाजूला सिरियन ऑर्थोडॉक्सांचे छोटे प्रार्थनाघर आहे. भिंती काजळलेल्या, वेदी जळून काळवंडलेली. डाव्या कोपऱ्यात बुटके भोक आहे. वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून आत गेले की कच्च्या खडकात कोरलेले अरुंद कोनाडे दिसतात. येहोहाननच्या थडग्यात होते तेच, कोख. परंपरा या जागेला योसेफाची कबर म्हणते. तसे म्हणायला आधार नाही, पण पहिल्या शतकाच्या आसपास इथे ज्यू कुटुंबांची थडगी होती हे तिथे हाताने चाचपून पाहता येते. शहराच्या उत्तरेला 'गार्डन टूम्ब' नावाची दुसरी दावेदार जागा आहे. १८८३ मध्ये ब्रिटिश जनरल गॉर्डनने ती लोकप्रिय केली. जागा शांत आणि देखणी. थडगे मात्र पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्काय यांच्या मते येशूच्या कित्येक शतके आधीचे.

येशूनंतरच्या ख्रिस्ती हुतात्म्यांचा पुरावा मुख्यतः कागदावरचा आहे. दुसऱ्या शतकात स्मर्ना इथे बिशप पॉलिकार्पला जाळल्यावर त्याची हाडे गोळा करून जपून ठेवल्याचे तिथल्या मंडळीचे पत्र सांगते. १७७ मध्ये फ्रान्समधल्या ल्योंला उलटे घडले: प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवली, जाळली आणि राख रोन नदीत टाकली, म्हणजे पुनरुत्थानाची आशाच राहू नये. क्रुसावर गेलेला मानला जाणारा येशूचा शिष्य पेत्र रोममध्ये व्हॅटिकन टेकडीवर पुरला गेला, ही समजूत इ.स. २०० च्या सुमारास पक्की होती. गायस नावाच्या ख्रिस्ती लेखकाने तिथल्या स्मारकाचा उल्लेख केला आहे. १९४० च्या दशकात तिथल्या सेंट पीटर्स चर्चखाली खणले तेव्हा एक लहान स्मारक मिळाले, आणि जून १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांनी पेत्राच्या अस्थींची ओळख पटल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात गिव्हात हा-मिव्तारची थडगी उघडत होती. व्हॅटिकनच्या हाडांवरचा वाद अजून चालू आहे. येहोहाननला ओळख पटवून घ्यायची गरज पडली नाही.

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे तो एकटाच होता. २००७ मध्ये उत्तर इटलीत, पो नदीच्या खोऱ्यातल्या गाव्हेल्लो इथे, एक एकाकी दफन उघडे पडले. सोबत वस्तू नाहीत, थडगे नाही, देह नुसता मातीत. उजव्या टाचेत आरपार भोक, खिळा मात्र नाही. संशोधकांनी २०१८ मध्ये ही बहुधा क्रुसाची खूण असल्याचे म्हटले. हाडांची अवस्था पाहता त्यांनी 'बहुधा' ठेवला हे योग्यच.

२०१७ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरच्या फेनस्टँटन गावात घरबांधणीआधीचे उत्खनन चालू असताना रोमन काळातली लहान लहान दफनस्थाने निघाली. पंचवीस ते पस्तीस वयाच्या एका पुरुषाची हाडे प्रयोगशाळेत धुताना उजव्या टाचेतला सुमारे पाच सेंटीमीटरचा खिळा नजरेस पडला. कार्बन-तपासणीने काळ इ.स. १३० ते ३६० मधला निघाला. हाडांचा अभ्यास केंब्रिजच्या कोरिन डुहिग यांनी केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो जाहीर झाला. हा माणूस ख्रिस्ती होता असे दाखवणारे काही नाही. बहुधा गुलाम असावा, कारण नडग्या बराच काळ बेड्या असल्यासारख्या झिजल्या होत्या. तरीही तो वस्तीच्या इतर मृतांबरोबर, रीतसर कबरीत होता. त्याच्या टाचेत खिळ्याच्या भोकाशेजारी आणखी एक उथळ खड्डा आहे. पहिला घाव बहुधा नीट बसला नव्हता.